भिंतीतली तार आणि आमची चूक

"प्रश्न दोनदा वाचा, मगच उत्तर लिहा." हे वाक्य वर्गात आम्ही वीस वर्षे सांगत आलो आहोत. मराठीच्या तासाला सांगतो, उर्दूच्या तासालाही सांगतो. पण घरासाठी इंटरनेटची केबल विकत घेताना डब्यावर काय छापले आहे, ते आम्ही एकदाही नीट वाचले नाही. त्या न वाचण्याची किंमत आमच्या लेकीने मोजली. म्हणून हा लेख.

आमचे घर कोकणातले, चिऱ्याचे. भिंती हात-दीड हात जाड. इंटरनेटची जोडणी पडवीत आली आणि राउटर तिथेच बसला. पडवीत वायफाय उत्तम, माजघरात बरे, आणि लेक जिथे अभ्यासाला बसते त्या मागच्या खोलीत जवळजवळ नाहीच. मे महिन्यात घराच्या गिलाव्याचे काम निघाले, तेव्हा ठरवले की याच वेळी भिंतीतून केबल टाकून घ्यावी. एक लेकीच्या खोलीत, एक माळ्यावर, आणि एक फाटकावरच्या कॅमेऱ्यापर्यंत.

तालुक्याच्या बाजारात दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. दोन्ही ३०५ मीटरचे, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत 'कॅट ६' असे छापलेले. एकाची किंमत दुसऱ्याच्या जवळपास निम्मी. आम्ही विचारले, "दोन्हींत फरक काय?" तो म्हणाला, "चालतात दोन्ही." आम्ही स्वस्त डबा उचलला आणि पैसे वाचवल्याच्या आनंदात घरी आलो. काम झाल्यावर बरीच केबल उरली, ती शेजारच्या दोन घरांनाही दिली. भले केले असेच वाटले.

पावसाळा संपता संपता कुरबुर सुरू झाली. फाटकावरचा कॅमेरा दिवसा चाले आणि रात्री बंद पडे. लेक म्हणे, "अब्बा, नेट मधूनच जातं आणि परत येतं." आम्ही म्हणत असू, "कंपनीकडूनच येत नसेल." मग तिची शिष्यवृत्तीची ऑनलाइन परीक्षा आली. घरी बसून, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर द्यायची. चाळीस मिनिटे झाली असतील, जोडणी तुटली. परत आली, पुन्हा तुटली. तिसऱ्या वेळी पडद्यावर आले की परीक्षा समाप्त झाली आहे. दुसरी संधी नियमात नव्हती.

सांगायला लाज वाटते, पण आम्ही आधी तिलाच रागावलो. कुठली तरी कळ दाबली असशील, दुसरे काही उघडले असशील. ती काही बोलली नाही. तिची अम्मी मात्र बोलली, "पोरगी दोन महिने सांगतेय नेट जातंय म्हणून. तुम्ही कधी ऐकलंत?"

आमचे धाकटे बंधू कुवेतमध्ये इमारतींत केबल टाकण्याचेच काम करतात. त्या रात्री त्यांचा फोन आला. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, "भाई, डबा उचललात तेव्हा हलका लागला का?" आम्ही म्हटले, "हो, एका हातात उचलला." ते म्हणाले, "मग ते तांबं नाही. केबलचं टोक कापा, आतली एक तार ब्लेडने खरवडा आणि मला सांगा रंग काय दिसतो." आम्ही खरवडली. वरचा लाल रंग निघून गेला आणि आत पांढरी तार चमकली. ते ॲल्युमिनिअम होते.

अडगळीतून रिकामा डबा काढून पाहिला. एका बाजूला, तळाशी, बारीक अक्षरांत 'सीसीए' अशी तीन अक्षरे होती. दुकानदार खोटे बोलला नव्हता. पण त्याने सांगितले नाही आणि आम्ही वाचले नाही. पुढच्या काही आठवड्यांत बंधूंकडून फोनवर जे शिकलो, आणि केबल पुन्हा टाकताना जे हाताने केले, ते वाचकांपुढे ठेवतो.

वायफाय असताना तार कशाला?

मोबाइलसाठी वायफाय ठीक आहे. पण वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. चिऱ्याच्या जाड भिंतीत, सिमेंटच्या सळयांत, पाण्याच्या टाकीत त्या अडतात. शिवाय घरातले सगळे मोबाइल, टीव्ही आणि शेजाऱ्यांचे राउटर एकाच हवेत बोलत असतात. तारेचा रस्ता मात्र ज्याचा त्याचा स्वतंत्र असतो. जी वस्तू जागेवरून हलत नाही, म्हणजे टेबलावरचा संगणक, टीव्ही, कॅमेरा किंवा दुसऱ्या मजल्यावरचा वायफायचा डबा, तिला तारेने जोडावे. मग मोबाइलसाठी वायफायही मोकळे राहते.

तारेने संगणक जोडण्याच्या या पद्धतीला इथरनेट म्हणतात. ती १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. आज घरातल्या राउटरच्या मागे जी चौकोनी भोके दिसतात, ती इथरनेटचीच.

आठ तारा, चार जोड्या

केबलचे साल काढले की आत आठ बारीक तारा दिसतात. दोन-दोन तारा एकमेकींना पिळून चार जोड्या केलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नाही. बाहेरून येणारा विजेचा अडथळा पिळामुळे जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचते, त्यामुळे दोन्हींवर सारखा आलेला अडथळा आपोआप वजा होतो. पिळलेल्या जोडीची ही युक्ती टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची. १८८१ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले होते.

चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. एखादी जोडी जास्त घट्ट असते, एखादी सैल. सारखाच पीळ असता तर शेजारच्या जोड्या एकमेकींचे बोलणे ऐकू लागल्या असत्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सेकंदाला १०० मेगाबिटचा वेग फक्त दोन जोड्यांवर चालतो. १००० मेगाबिटला, म्हणजे एक गिगाबिटला, चारही जोड्या लागतात. म्हणून एखादी तार आत तुटली तर पुष्कळदा नेट पूर्ण बंद पडत नाही, वेग गुपचूप १०० वर येतो. आमच्याकडे सुरुवात तशीच झाली होती. संगणकाच्या जोडणीच्या माहितीत १००० ऐवजी १०० दिसत होते, पण ते पाहायचे असते हेच आम्हाला माहीत नव्हते.

आकड्यांचा अर्थ

केबलवर 'कॅट' आणि पुढे आकडा असतो. कॅट म्हणजे श्रेणी. मुलांच्या इयत्तेसारखेच समजा, पण एक फरक आहे. वरची इयत्ता सगळ्यांनाच हवी असते, वरची श्रेणी सगळ्यांना लागत नाही.

कॅट ५ई १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग देते. आपल्या घरांत येणाऱ्या बहुतेक जोडण्या सेकंदाला ५० ते ३०० मेगाबिटच्या असतात. त्यांना ही केबल पुरून उरते.

कॅट ६ १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट अधिक निर्धास्तपणे देते आणि साधारण ५५ मीटरपर्यंत दहा गिगाबिटही नेऊ शकते. तिच्यात तारा सहसा थोड्या जाड असतात, आणि पुष्कळ केबलींत चार जोड्या वेगळ्या ठेवणारी प्लास्टिकची पट्टी मधोमध असते.

कॅट ६ए दहा गिगाबिट पूर्ण १०० मीटर नेते. ती जाड असते, वळवायला कठीण आणि महाग. मोठी कार्यालये आणि इस्पितळे यांच्यासाठी ती योग्य.

कॅट ७ हे नाव बाजारात खूप दिसते. पण केबलींची मानके ठरवणाऱ्या टीआयए या अमेरिकी संस्थेने ही श्रेणी स्वीकारलेलीच नाही. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त चपट्या केबलींपासून दूर राहावे.

कॅट ८ फक्त ३० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी आहे. मोठमोठ्या सर्व्हरच्या खोल्यांत कपाटापासून कपाटापर्यंत ती वापरतात. घरात तिचे काही काम नाही.

घराच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. जी केबल भिंतीत गाडायची आहे ती कॅट ६ घ्यावी, कारण भिंत काही रोज फोडत नाही आणि ५ई-६ मधला किमतीचा फरक मजुरीपुढे थोडा असतो. टेबलावर दिसणाऱ्या दोन मीटरच्या तारेला कॅट ५ई पुरते. अस्सल तांब्याची ५ई ही मुलाम्याच्या ६ पेक्षा केव्हाही चांगली.

तांबे की मुलामा?

आमची चूक इथे झाली. सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनिअम. तांबे महाग, ॲल्युमिनिअम स्वस्त. ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर चढवला की दिसायला दोन्ही सारख्याच.

ॲल्युमिनिअम तांब्याच्या सुमारे ६० टक्केच वीज वाहून नेते. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या तारेत विजेला होणारा विरोध दीडपटीहून अधिक असतो. दुसरे म्हणजे ते ठिसूळ असते. चारदोन वेळा वाकवले की तार आतल्या आत तुटते, वरून साल मात्र अखंड दिसते. तिसरे म्हणजे उघड्या टोकावर हवेने गंज धरून जोड सैल पडतो. लेकीच्या खोलीत तेच झाले होते. भिंतीतल्या पेटीत केबल वळवून बसवली होती, तिथे दोन तारा तुटल्या होत्या. टेबल जरा हलले की त्या एकमेकींना टेकत आणि सुटत. परीक्षेच्या दिवशी ती लिहिता लिहिता टेबलावर टेकली असेल, बस्स, इतकेच.

कॅमेऱ्याचा प्रकार वेगळा. केबलमधून कॅमेऱ्याला वीजही देता येते. आमच्या वायरमनने पडवीतला १२ व्होल्टचा अडॅप्टर केबलमधल्या रिकाम्या तारांना जोडला होता. अंतर ४५ मीटर. जास्त विरोधाच्या तारेत वाटेतच व्होल्टेज गळत जाई. दिवसा कॅमेरा कसाबसा चाले. रात्री अंधारात पाहण्यासाठी त्याचे लाल दिवे पेटले की वीज जास्त लागे आणि तो बंद पडे. ज्या वेळी राखणीची गरज, नेमका त्याच वेळी तो आंधळा होत होता.

यात धोकाही आहे. जास्त विरोधाच्या तारेतून वीज नेली की तार तापते, आणि अशा केबलींचा जुडगा एकाच पाइपमध्ये असला तर उष्णता बाहेर पडायला जागा नसते. टीआयएच्या मानकांत या केबलींची तार तांब्याचीच असावी लागते. म्हणजे सीसीएच्या डब्यावर 'कॅट ६' छापलेले असले तरी ती त्या श्रेणीची केबल नव्हेच. मापात खोट असलेला तराजू आणि हा डबा यांत आम्हाला तरी फारसा फरक वाटत नाही.

ओळखायचे कसे? आधी डबा चहूबाजूंनी वाचा. 'सीसीए' दिसले तर परत ठेवा. अस्सल केबलवर 'बेअर कॉपर', 'सॉलिड कॉपर' किंवा '१०० टक्के कॉपर' असे लिहिलेले असते. मग वजन पाहा. ३०५ मीटरच्या डब्यात तांबे आणि मुलामा यांत अडीच-तीन किलोंचा फरक पडतो. दोन डबे शेजारी असतील तर उचलूनच कळते. तिसरी परीक्षा ब्लेडची. तार खरवडल्यावर आतही लाल असेल तर तांबे, पांढरी निघाली तर मुलामा. चौथे, खिशात छोटे चुंबक ठेवा. काही केबलींत तांब्याखाली लोखंडी तार असते, ती चुंबकाला चिकटते. तांबेही चिकटत नाही आणि ॲल्युमिनिअमही, म्हणून ब्लेडची परीक्षा चुकवू नये.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांच्यासाठी आणखी एक उपाय. ५० मीटर केबल घ्या. एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला विरोध मोजा. जाऊन-येऊन १०० मीटर तार झाली. अस्सल तांब्याच्या केबलमध्ये हा आकडा ९.४ ओहमच्या आत यायला हवा. त्याच्या बराच वर गेला तर समजावे की घोटाळा आहे.

भिंतीतली वेगळी, टेबलावरची वेगळी

भिंतीत टाकायच्या केबलमध्ये प्रत्येक तार एकसंध असते. ती लांबवर चांगली चालते, पण वारंवार वाकवणे तिला सोसत नाही. टेबलावरच्या तयार तारेत, जिला पॅच कॉर्ड म्हणतात, प्रत्येक तार अनेक बारीक तंतूंची असते. ती लवचिक असते, पण लांब अंतराला कमी पडते. म्हणून भिंतीत एकसंध तारेची केबल, दोन्ही टोकांना भिंतीतली पेटी, आणि पेटीपासून संगणकापर्यंत पॅच कॉर्ड, ही रीत योग्य. १०० मीटरची मर्यादाही तशीच वाटलेली आहे. ९० मीटर भिंतीतली आणि उरलेली १० मीटर दोन्हीकडच्या पॅच कॉर्डची.

तारेची जाडी 'एडब्ल्यूजी' या मापात छापलेली असते. हे माप उलटे आहे. आकडा मोठा तितकी तार बारीक. भिंतीसाठी २३ किंवा २४ घ्यावी. २६ किंवा त्यावरची फक्त छोट्या पॅच कॉर्डसाठी.

काही केबलींत जोड्यांभोवती चंदेरी पन्नी असते. बाहेरचा अडथळा अडवण्यासाठी ती असते, पण तिचा उपयोग अर्थिंग नीट केले तरच होतो. कारखान्यात मोठी यंत्रे असतात तिथे ती हवी. घराला पन्नी नसलेली साधी केबल, म्हणजे यूटीपी, पुरेशी आहे.

घराबाहेरची केबल

घरातल्या केबलचे राखाडी किंवा निळे साल उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. मग पावसाचे पाणी आत शिरते. उघड्यावर काळ्या जाड सालाची, उन्हासाठीच बनवलेली 'आउटडोअर' केबल वापरावी. जमिनीखालून नेताना आत जेली भरलेली मिळते, ती पाणी अडवते. केबल घरात शिरते तिथे भोकाच्या बाहेर तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जाईल आणि तारेच्या कडेने आत येणार नाही.

विजांचा विचार कोकणात तरी केलाच पाहिजे. जवळपास वीज पडली की बाहेरच्या तांब्याच्या तारेतून झटका घरात येतो आणि राउटर, संगणक सगळे जाळतो. बाहेरच्या केबलला झटका अडवणारा संरक्षक बसवून त्याला अर्थिंग द्यावे. दोन स्वतंत्र इमारती जोडायच्या असतील, जसे शाळेच्या दोन इमारती किंवा घर आणि दूरचा गोठा, तर तांब्याऐवजी फायबर टाकावी. तिच्यात काचेचा धागा असतो आणि तो वीज वाहून नेत नाही. फक्त धातूचा आधार नसलेली फायबर मागून घ्यावी.

रंगांचा क्रम

केबलच्या टोकाला जो पारदर्शक प्लग बसवतात त्याला आरजे ४५ म्हणतात. त्यात आठ तारा ठरलेल्या क्रमाने घालायच्या असतात. नेहमीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा.

या क्रमात निळी जोडी हिरव्या जोडीच्या मधोमध बसते, हे पाहून काही वायरमन म्हणतात, "जोड्या सरळ एकापुढे एक लावू, दोन्हीकडे सारख्या लावल्या की झालं." तसे करू देऊ नये. तपासणीच्या छोट्या यंत्रावर आठही दिवे बरोबर लागतील, पण जे दोन संदेश एका जोडीने जायला हवेत ते दोन वेगळ्या जोड्यांच्या तारांतून जातील. पिळाचा फायदा संपेल आणि वेग पडेल. असा दोष शोधणे फार कठीण जाते. तसेच प्लग बसवताना जोड्यांचा पीळ गरजेपुरताच उलगडावा, अर्ध्या इंचाहून जास्त नको.

टाकताना

इंटरनेटची केबल आणि घराची २३० व्होल्टची वायर एकाच पाइपमधून कधीही नेऊ नये. सर्वांत आधी हा जिवाचा प्रश्न आहे, वेगाचा नंतर. दोन्ही समांतर जात असतील तर मध्ये फूटभर अंतर ठेवावे, आडव्या छेदायच्याच असतील तर काटकोनात छेदाव्यात. केबल कोपऱ्यात कचकन दुमडू नये, वळण तिच्या जाडीच्या किमान चौपट गोलाईचे असावे. पाइपमधून ओढताना झटके देऊ नयेत. आणि भिंतीत पाइप टाकूनच केबल घालावी, थेट गिलाव्यात गाडू नये. आम्ही पाइप टाकला होता, एवढे एकच शहाणपण केले होते. त्यामुळे भिंत न फोडता जुनी केबल ओढून काढता आली. तिच्याच टोकाला नवी बांधली होती, जुनी बाहेर आली तशी नवी आत गेली.

कॅमेऱ्यासाठी या वेळी नुसता अडॅप्टर न लावता पीओईचा स्विच घेतला. पीओई म्हणजे केबलमधूनच वीज देण्याची प्रमाणित पद्धत. ती ४८ व्होल्टच्या आसपास चालते, त्यामुळे वाटेतली गळती जाणवत नाही. शिवाय पलीकडचे यंत्र पीओईचेच आहे याची खात्री करूनच स्विच वीज सोडतो. २००३ च्या पहिल्या मानकाप्रमाणे स्विच एका जोडणीवर १५.४ वॉटपर्यंत वीज देतो, साध्या कॅमेऱ्याला तेवढी पुरेशी आहे. मात्र कॅमेराही पीओईचा हवा. आमचा नव्हता, म्हणून त्याच्या टोकाला ४८ चे १२ व्होल्ट करणारा छोटा डबा लावावा लागला.

दुकानात जाण्यापूर्वी

आधी घरात फिरून प्रत्येक अंतर दोरीने मोजा, चढ-उतार आणि वळणे धरून, आणि वर दोन-तीन मीटर जास्त ठेवा. लागणारी केबल साठ-सत्तर मीटर असेल तर पूर्ण डबा घेण्याची गरज नाही, दुकानदार मीटरवरही देतात. केबलच्या सालावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, त्यावरून किती कापून दिली ते कळते.

मग राउटरच्या मागचे तपशील वाचा. त्यावर १०/१०० लिहिले असेल तर कितीही भारी केबल आणली तरी वेग १०० च्या पुढे जाणार नाही. १०/१००/१००० हवे. स्विच आणि संगणक यांचेही तसेच. साखळीत जी कडी सर्वांत कमजोर, तेवढीच पूर्ण साखळीची ताकद.

दुकानदाराला "चांगली केबल द्या" असे म्हणू नका. "कॅट ६, यूटीपी, अस्सल तांबे, २३ एडब्ल्यूजी, घरात टाकायची" असे म्हणा आणि बिलावर 'तांबे' हा शब्द लिहून घ्या. बिल नको म्हणून दहा-वीस रुपये सोडवणाऱ्याला पुढे बोलायला तोंड राहत नाही. आमच्याकडे बिल नव्हते. काम झाल्यावर वायरमन जाण्याआधी संगणकाच्या जोडणीच्या माहितीत वेग १००० दिसतो का, ते स्वतः पाहा. दिसला नाही तर तो घरात असेपर्यंत दुरुस्ती करून घ्या.

उरलेले काम

केबल बदलून झाली. कॅमेरा रात्रभर जागतो. कुवेतहून बंधूंचा चेहरा आता अम्मीच्या खोलीत न थांबता दिसतो, आणि त्या रोज विचारतात, "आज तुटला नाही ना फोन?"

पण दोन कामे उरली होती. ज्या दोन घरांना उरलेली केबल दिली होती, त्यांना जाऊन सांगणे हे पहिले. एका घरी ती अजून वापरली नव्हती, तिथले काम भागले. दुसऱ्या घरी तिच्यावर दोन कॅमेरे चालू होते. चाचा म्हणाले, "चाललंय की, राहू दे." आम्ही राहू दिले नाही. आमच्या पैशांनी तांब्याची केबल आणून दिली. भेट म्हणून दिलेली वस्तू खोटी निघाली तर ती परत घेणे हे देणाऱ्याचेच काम.

दुसरे काम जास्त कठीण होते. आम्ही लेकीसमोर बसलो आणि म्हणालो, "चूक तुझी नव्हती. केबलची होती, आणि ती आम्ही आणली होती." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अब्बा, डब्यावर लिहिलं होतं ना? तुम्ही तर आम्हाला दोनदा वाचायला सांगता."

यंदा ती त्याच परीक्षेला पुन्हा बसली. तीन तास जोडणी एकदाही तुटली नाही. निकाल अजून यायचा आहे, इन्शाअल्लाह चांगलाच येईल. तोवर आमची एवढीच विनंती आहे. घरात मुलगा किंवा मुलगी म्हणत असेल की नेट जाते, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा, आणि मग ब्लेड घेऊन केबलचे टोक खरवडून पाहा.